मुंबईवरून गेलेली रेघ आणि सात मिनिटांचा हिशोब

फेब्रुवारी २०२५ मध्ये एक नकाशा मोबाइलवरून मोबाइलवर फिरत होता. प्रशांत महासागराच्या पूर्व भागातून निघालेली एक रेघ दक्षिण अमेरिकेचा उत्तर भाग, अटलांटिक, आफ्रिका आणि अरबी समुद्र ओलांडून सरळ आपल्याकडे येत होती. रेघेच्या आसपास मुंबई, कोलकाता, ढाका. तारीख २२ डिसेंबर २०३२. त्या रेघेवर कुठेतरी पडू शकणाऱ्या अवकाशातल्या दगडाचं नाव '२०२४ वायआर४'. मुंबईत आपलं कुणीच नाही असं घर कोल्हापुरात शोधून सापडायचं नाही, त्यामुळे फोनाफोनी व्हायचीच. "दगड पडणार म्हणं तुमच्यात?" "आत्या, अजून सात वर्षं हाईत. तवर या की गावाकडं राहायला."

चेष्टा बाजूला ठेवली तर आकडे खरे होते. हा लघुग्रह २७ डिसेंबर २०२४ ला चिलीतल्या 'अ‍ॅटलास' दुर्बिणीला सापडला. महिनाभरात पृथ्वीवर आदळण्याची शक्यता एक टक्क्याच्या वर गेली आणि १८ फेब्रुवारीला ३.१ टक्क्यांवर पोचली, म्हणजे साधारण बत्तिसात एक. एवढ्या आकाराच्या दगडासाठी एवढा मोठा आकडा त्याआधी कधी नोंदला गेला नव्हता. मग आठवड्याभरात तो घसरला आणि जवळपास शून्य झाला. २०३२ साली पृथ्वीला त्याच्याकडून धोका नाही.

लोकांनी यातून काढलेला अर्थ मला जास्त काळजीचा वाटतो. 'आधी घाबरवतात, मग नाही म्हणतात', 'यांना काहीच कळत नाही' किंवा थेट 'काहीतरी लपवताहेत'. यातलं काहीच बरोबर नाही. शक्यता आधी वाढणं आणि मग एकदम कोसळणं हा अशा दगडांच्या बाबतीत नेहमीचाच प्रवास आहे. तो का, हे एकदा नीट समजलं की पुढचा नकाशा आला तरी झोप उडणार नाही.

कोल्हापूरकरांना खरं तर याची सवय हवी. पावसाळ्यात सकाळी उठून आपण आधी काय बघतो? पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका. ३९ ला शहरातलं कुणी घर सोडून पळत नाही, पण नदीकाठच्या चिखली-आंबेवाडीत जनावरं हलवायची तयारी सुरू होते. लघुग्रहांसाठीही अशी एक पट्टी आहे, तिला टोरिनो मापन म्हणतात. शून्य ते दहा. शून्य म्हणजे दखल घेण्यासारखं काही नाही, दहा म्हणजे जगभर हाहाकार माजवणारी टक्कर नक्की. वायआर४ तीनवर गेला होता, आणि तीनचा अर्थ 'खगोलशास्त्रज्ञांनी लक्ष ठेवावं' एवढाच. आजवर सर्वात वर गेलेला दगड म्हणजे अपोफिस. डिसेंबर २००४ मध्ये तो चारवर होता. त्याची गोष्ट पुढे येईलच.

बंधाऱ्याच्या पट्टीत आणि या पट्टीत एक मोठा फरक आहे. बंधाऱ्यावर आज पाणी किती आहे ते दिसतं. टोरिनोचा आकडा मात्र काही वर्षांनंतरचा, आणि आपल्याला आज किती ठाऊक आहे यावर अवलंबून असलेला. दगड आपल्या वाटेनं चाललेलाच असतो. तो आदळणार की चुकणार हे आधीच ठरलेलं असतं, फक्त आपल्याला अजून कळलेलं नसतं.

समजा दगड सापडून थोडेच दिवस झालेत. त्याच्या कक्षेचा आपण पाहिलेला तुकडा एवढासा आहे. त्यावरून सात-आठ वर्षांनी तो नेमका कुठे असेल हे काढायचं, तर उत्तर एका बिंदूत येत नाही. उत्तर येतं एका लांबच लांब, बारीक पट्टीच्या रूपात: या पट्टीत कुठेतरी तो असेल. ही पट्टी १२ लाख किलोमीटर लांब असली आणि पृथ्वी तिच्या मधोमध सापडली, तर पृथ्वीचा व्यास १२,७४२ किलोमीटर, म्हणजे शक्यता सुमारे एक टक्का. आणखी पंधरा रात्री निरीक्षणं झाली, पट्टी आखडून ४ लाख किलोमीटर झाली. पृथ्वी अजून पट्टीतच आहे. आता तिचा वाटा तीन टक्के. दगडानं काही केलं नाही, पृथ्वीनं काही केलं नाही, फक्त आपलं अज्ञान कमी झालं आणि आकडा तिप्पट झाला. पट्टी आणखी आखडत जाते आणि एके दिवशी तिचं टोक पृथ्वीच्या अलीकडे येऊन थांबतं. पृथ्वी पट्टीबाहेर, शक्यता शून्य. (प्रत्यक्षात पट्टीच्या मधल्या भागाला जास्त वजन असतं आणि कडांना कमी, पण हिशोबाची जात हीच.)

म्हणजे शेवटी चुकणारा दगडसुद्धा आधी चढता आकडा दाखवूनच चुकतो. शास्त्रज्ञ तो चढता आकडा लपवत नाहीत, रोजच्या रोज जाहीर करतात. नासाच्या जेट प्रपल्शन लॅबोरेटरीतली 'सेन्ट्री' नावाची संगणकप्रणाली हेच काम करते, आणि तिची धोक्याची यादी कुणालाही उघडून बघता येते. मला हा उघडेपणा आवडतो, त्यापायी अधूनमधून अफवा उठल्या तरीही.

आता दगड किती मोठा असला तर किती घाबरायचं, ते थोडक्यात. रोज काही टन अवकाशी धूळ आणि खडे पृथ्वीवर येतात. वाटाण्याएवढे तुकडे ८० ते १०० किलोमीटर उंचीवर जळून जातात, त्यांना आपण तुटता तारा म्हणतो. (नेमक्या याच उंचीवरचे वारे मोजणारं रडार आपल्या शिवाजी विद्यापीठाच्या आवारात भारतीय भूचुंबकत्व संस्थेनं चालवलं, हे गावातल्या फार थोड्यांना माहीत असेल.) २० मीटरचा दगड काही दशकांतून एकदा येतो, ५० मीटरचा साधारण हजार वर्षांतून, १४० मीटरचा दहा-वीस हजार वर्षांतून, एक किलोमीटरचा काही लाख वर्षांतून. डायनोसॉरांचा निकाल लावणारा, ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा, सुमारे १० किलोमीटरचा होता.

वायआर४ चा आकार नंतर जेम्स वेब दुर्बिणीनं मोजला, सुमारे ६० मीटर. एवढा दगड शहरावर फुटला तर जास्तीत जास्त ५० किलोमीटरपर्यंत स्फोटाच्या लाटेचा तडाखा बसू शकतो, असा इशारा त्या वेळी दिला गेला होता. मध्यबिंदू कोल्हापूर धरला तर सांगली आणि निपाणी दोन्ही त्या वर्तुळात येतात. पृथ्वी संपत नाही, पण एखादं शहर संपू शकतं. सायबेरियातल्या तुंगुस्का नदीच्या खोऱ्यावर ३० जून १९०८ ला साधारण याच आकाराचं काहीतरी हवेतच फुटलं आणि २,००० चौरस किलोमीटरहून जास्त जंगल आडवं झालं. आपल्या जिल्ह्याचं क्षेत्रफळ ७,६८५ चौरस किलोमीटर आहे, म्हणजे पाव जिल्ह्याहून जास्त.

हवेत न फुटता जमिनीपर्यंत पोचलेल्याची खूण आपल्याच राज्यात आहे. बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा खड्डा, आणि तोही काळ्या बसाल्टमध्ये. पन्हाळ्याच्या, जोतिबाच्या डोंगराचा पाया ज्या दगडाचा तोच दख्खनचा दगड. बसाल्टमधले आघाती खड्डे पृथ्वीवर अगदी मोजके आहेत आणि चंद्राचे काळसर मैदानी भाग बसाल्टचेच आहेत, म्हणून चंद्राचा अभ्यास करणारे परदेशी शास्त्रज्ञ लोणारला येतात. आपण मात्र ते सहलीचं ठिकाण म्हणून उरकतो.

या सगळ्यांत मला सर्वात बोलकी वाटते ती चेल्याबिन्स्कची घटना. १५ फेब्रुवारी २०१३, रशियातलं औद्योगिक शहर, सकाळची वेळ. सुमारे २० मीटरचा दगड सेकंदाला १९ किलोमीटर वेगानं आला आणि साधारण ३० किलोमीटर उंचीवर फुटला. हिरोशिमावरच्या बॉम्बच्या जवळपास तीसपट ऊर्जा. आकाशात सूर्यापेक्षा जास्त उजेड झाला. लोक काय करतात? खिडकीशी धावतात. प्रकाश क्षणात पोचतो, पण स्फोटाची लाट आवाजाच्या वेगानं येते. शहरात ती पोचायला दोन मिनिटांहून जास्त लागली. तोवर माणसं काचेला नाक लावून धुराची रेघ बघत उभी होती, आणि मग काचा फुटल्या. सुमारे दीड हजार जखमी, बहुतेक काचांनी. दगडाचा तुकडा डोक्यात पडून कुणी मेलं नाही. आकाशात डोळे दिपवणारा झोत दिसला तर खिडकीपासून लांब व्हायचं, एवढी एक गोष्ट शाळेत शिकवायला काहीच खर्च नाही.

आणि हा दगड आधी दिसला का नाही? कारण तो सूर्याच्या दिशेनं आला. जमिनीवरच्या दुर्बिणी रात्रीच बघतात. सूर्याच्या बाजूनं येणारा दगड त्यांना दिसूच शकत नाही. गंमत म्हणजे त्याच दिवशी दुसरा एक लघुग्रह पृथ्वीपासून सुमारे २७,७०० किलोमीटरवरून जाणार हे वर्षभर आधी माहीत होतं आणि सगळे त्याची वाट बघत बसले होते. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता.

शोधायचं काम कसं चालतं? कल्पनेपेक्षा बरंच कंटाळवाणं आहे. दुर्बीण आकाशाच्या एकाच तुकड्याचे तासाभरात चार फोटो काढते. तारे चारही फोटोंत जागच्या जागी असतात. एखादा ठिपका मात्र चार फोटोंत चार ठिकाणी, एका ओळीत सरकलेला दिसतो. संगणक असे ठिपके वेचतो, माहीत असलेल्या लघुग्रहांशी ताडून बघतो आणि अनोळखी उरला तर त्याची जागा अमेरिकेतल्या मायनर प्लॅनेट सेंटरकडे पाठवतो. तिथून जगभरच्या निरीक्षकांना कळवलं जातं: हा बघा, निसटायच्या आत पुन्हा मोजा. या 'पुन्हा मोजा'च्या कामात आपलाही वाटा आहे. लडाखमध्ये हानले इथे आयआयटी मुंबई आणि भारतीय खगोलभौतिकी संस्थेची ग्रोथ-इंडिया ही ७० सेंटिमीटरची स्वयंचलित दुर्बीण आहे, तीही असे पळते दगड टिपते.

हौशी मुलांनाही यात शिरता येतं. एका आंतरराष्ट्रीय शोधमोहिमेत हवाईच्या पॅन-स्टार्स दुर्बिणीचे फोटो शाळा-कॉलेजच्या गटांना फुकट मिळतात, मुलं संगणकावर ते पुढेमागे करून सरकणारे ठिपके शोधतात. भारतातून बरेच गट भाग घेतात. मग पेपरात बातमी येते, 'दहावीच्या विद्यार्थ्यानं लघुग्रह शोधला'. बातमी पूर्ण खोटी नसते, पण तो शोध तेव्हा प्राथमिक असतो. कक्षा पक्की होऊन क्रमांक मिळायला काही वर्षं जातात. शिवाय हे दगड बहुतेक मंगळ आणि गुरूच्या मधल्या पट्ट्यातले, आपल्याशी देणंघेणं नसलेले असतात. तरी मुलांनी हे जरूर करावं. रात्री जागून यूट्यूब बघण्यापेक्षा बरं.

२०२५ च्या अखेरीस पृथ्वीच्या आसपास फिरकणारे ४०,००० हून जास्त लघुग्रह नोंदले गेले होते. एक किलोमीटरहून मोठे जवळपास सगळे, ९५ टक्क्यांहून जास्त, सापडलेत आणि त्यातला एकही येत्या शंभर वर्षांत आपल्यावर येत नाही. मानवजात पुसून टाकणारा दगड ही भीती म्हणूनच आता बरीचशी मनातून काढायला हरकत नाही. खरी गोची १४० मीटरवाल्यांची आहे. असे साधारण २५,००० असावेत असा अंदाज, आणि निम्मेही सापडलेले नाहीत. अमेरिकी संसदेनं २००५ मध्ये कायदा करून नासाला सांगितलं होतं की २०२० पर्यंत यातले ९० टक्के शोधा. पैसे पुरेसे दिले नाहीत, काम झालं नाही. ५० मीटरवाल्यांत तर दहांतला एकही धड सापडलेला नाही.

अडचण काळ्या रंगाची पण आहे. दुर्बिणीला दिसतो तो दगडावरून परावर्तित झालेला सूर्यप्रकाश. काही लघुग्रह कोळशासारखे काळे, काही बऱ्यापैकी उजळ. त्यामुळे तेवढाच ठिपका मोठ्या काळ्या दगडाचाही असू शकतो आणि छोट्या उजळ दगडाचाही. यावर उपाय म्हणजे प्रकाशाऐवजी दगडाची उष्णता बघायची. काळा दगड उलट जास्त तापतो. त्यासाठी नासाची निओ सर्व्हेयर ही अवरक्त दुर्बीण तयार होते आहे. पृथ्वीपासून सूर्याच्या बाजूला १५ लाख किलोमीटरवर ती राहील आणि आजवर नजरेआड राहिलेला सूर्याजवळचा बराच भाग तिला दिसेल. सप्टेंबर २०२७ नंतर ती पाठवायचं नियोजन आहे. चिलीतली ८.४ मीटर आरशाची व्हेरा रुबिन दुर्बीण २०२५ मध्ये सुरू झाली. सुरुवातीच्या दहा-एक तासांच्या चित्रणातच तिनं २,१०४ नवे लघुग्रह टिपले, त्यातले सात पृथ्वीजवळच्या कक्षेतले.

आता समजा सापडला. पट्टी आखडत गेली आणि पृथ्वी पट्टीतच राहिली. ५० टक्के, ९० टक्के, नक्की. पुढे?

सिनेमावाले लगेच बॉम्ब लावून दगड उडवतात. प्रत्यक्षात उडवायची गरज नसते. इथे शीर्षकातली सात मिनिटं येतात. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर वेगानं पळते. स्वतःच्या व्यासाएवढं, १२,७४२ किलोमीटर अंतर कापायला तिला सात मिनिटं लागतात. म्हणजे दगड ठरलेल्या जागी सात मिनिटं उशिरा किंवा लवकर पोचला, की पृथ्वी तिथून निघून गेलेली तरी असेल किंवा आलेली तरी नसेल. काही वर्षांच्या प्रवासात सात मिनिटांचा उशीर, आपल्या एसटीला तर तेवढा सहज होतो.

एवढा उशीर करायला किती धक्का लागतो? दगडाच्या वेगात सेकंदाला एक सेंटिमीटर फरक पाडू. मुंगीची चाल. दहा वर्षांत नुसत्या गुणाकारानं ३,१५० किलोमीटर फरक पडतो. पण दगड सूर्याभोवती फिरत असतो, वेग बदलला की त्याची कक्षा आणि फेरीचा काळही बदलतो, आणि प्रत्येक फेरीत फरक साठत जातो. सगळं मिळून तो साधारण तिप्पट होतो, ९,००० किलोमीटरच्या वर. पृथ्वीची त्रिज्या ६,३७१. दगड चुकला! हाच धक्का फक्त एक वर्ष आधी दिला तर फरक ९५० किलोमीटरच्या आत. दगड चुकणार नाही, फक्त मुंबईऐवजी दुसरीकडे कुठेतरी पडेल. ताकद तीच, दगड तोच, फरक वेळेचा. म्हणून मला विचाराल तर पहिला रुपया शोधायच्या दुर्बिणीवर खर्च करावा आणि दुसरा धक्का देणाऱ्या यानावर. उलट क्रम लावला तर यान तयार असेल आणि वेळ उरलेली नसेल.

धक्का देऊन दगड खरंच हलतो का, हे करून बघितलं गेलंय. नासाचं डार्ट यान २४ नोव्हेंबर २०२१ ला निघालं. लक्ष्य होतं डिमॉर्फोस, सुमारे १६० मीटरचा दगड, जो डिडिमॉस या सुमारे ७८० मीटरच्या मोठ्या दगडाभोवती फिरतो. ही जोडी निवडण्यात डोकं लावलेलं होतं. एकट्या दगडाच्या कक्षेतला बारीकसा बदल पृथ्वीवरून मोजायला वर्षं गेली असती. इथे मात्र छोटा दगड मोठ्यासमोरून गेला की जोडीचा उजेड किंचित कमी होतो, म्हणजे त्याच्या फेरीचं घड्याळ पृथ्वीवरच्या दुर्बिणींतून वाचता येतं. धक्क्याआधी एक फेरी ११ तास ५५ मिनिटांची होती. शिवाय या जोडीपासून पृथ्वीला धोका नव्हता आणि धक्क्यानंतरही होणार नव्हता.

टक्कर झाली २६ सप्टेंबर २०२२ ला, आपल्याकडे २७ तारखेच्या पहाटे पावणेपाचच्या सुमारास. डेअरीवर दूध घालायला जाणारी मंडळी उठलेली असतील, बाकी गाव झोपेत. यान होतं ५८० किलोच्या आसपास आणि वेग सेकंदाला ६.१ किलोमीटर. या वेगानं कोल्हापूरहून सरळ रेषेत पुणे पस्तीसेक सेकंदांत येतं. अंतर १ कोटी १० लाख किलोमीटर, संदेश पोचायला अर्ध्या मिनिटाहून जास्त, त्यामुळे शेवटचे चार तास यान स्वतःच स्वतःला चालवत होतं. डिमॉर्फोस वेगळा ठिपका म्हणून दिसला तोच मुळी टक्कर व्हायच्या तासभर आधी. तोवर यान मोठ्या दगडाकडे बघून चाललं होतं. मग ठिपक्याचा अंड्यासारखा गोळा झाला, गोळ्यावर धोंडे दिसू लागले, धोंड्यांच्या सावल्या दिसू लागल्या. शेवटचा फोटो अर्धवट आला. पाठवता पाठवता यान संपलं.

यश मानायला फेरीत ७३ सेकंदांचा फरक पुरेसा धरला होता. फरक पडला तब्बल ३३ मिनिटांचा. ११ तास ५५ चे ११ तास २२ च्या घरात आले. अपेक्षेपेक्षा जास्त का, हाच या प्रयोगातला सर्वात मोलाचा धडा. डिमॉर्फोस हा एकसंध खडक नाही, धोंडे आणि खडी सैलसर जमून झालेला ढिगारा आहे. त्याचं वजन सुमारे ४३ लाख टन. नुसत्या यानाच्या धडकेनं त्याचा वेग सेकंदाला एक मिलिमीटरनंही बदलला नसता. पण धडक बसताच १० लाख किलोहून जास्त माल उलट्या दिशेला उधळला, आणि तो उधळताना दगडाला जास्तीचा रेटा बसला. एकूण परिणाम नुसत्या धडकेच्या साडेतीनपट. सेकंदाला अडीच-तीन मिलिमीटरचा बदल. पुढे हजारो किलोमीटर लांब धुळीचं शेपूट चिलीतल्या दुर्बिणीनं टिपलं.

मात्र हे साडेतीनपट प्रत्येक दगडाला लागू होईल असं धरून चालत नाही. लोखंडाचा घट्ट गोळा असेल तर उधळणारा मालच कमी. म्हणून युरोपीय अवकाश संस्थेचं हेरा यान ७ ऑक्टोबर २०२४ ला डिमॉर्फोसकडे निघालं. नियोजनाप्रमाणे ते २०२६ च्या अखेरीस तिथे पोचून खड्डा पडलाय की अख्ख्या दगडाचा आकारच बदललाय ते बघेल आणि वस्तुमान नेमकं मोजेल. गुन्हा घडून चार वर्षांनी पंचनामा, पण या खात्यात पुरावे हलत नाहीत.

बाकी उपायही कागदावर आहेत. दगडाशेजारी जड यान वर्षानुवर्षं उभं ठेवायचं आणि त्याच्या नुसत्या गुरुत्वाकर्षणानं दगड हळूहळू ओढायचा. अचूक, पण फार संथ. दगड खूप मोठा असेल किंवा वेळ थोडा असेल तर अणुस्फोट. तोही आत खड्डा खणून नाही, तर जवळ काही अंतरावर, म्हणजे क्ष-किरणांनी पृष्ठभागाची वाफ होऊन ती उलट रेटा देईल. पण १९६७ च्या अवकाश करारानुसार अण्वस्त्रं कक्षेत ठेवता येत नाहीत आणि १९६३ च्या करारानुसार अवकाशात अणुचाचणी करता येत नाही. नियमांना अपवाद काढायचा तर तो कुणी आणि कुणाच्या शब्दावर?

आणि इथून प्रश्न दगडाचा राहत नाही. धक्का कमी पडला किंवा निम्म्यात फसला तर आदळण्याची जागा त्या नकाशावरच्या रेघेवरूनच सरकते. समजा अटलांटिकमध्ये पडणारा दगड ढकलताना आफ्रिकेत किंवा अरबी समुद्रात आला. यान एका देशाचं, नुकसान दुसऱ्याचं. संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकारानं दोन गट झालेत, एक इशारे देणारा आणि दुसरा अवकाश संस्थांना एकत्र बसवून मोहिमांचं नियोजन करणारा. दुसऱ्यात इस्रोसारख्या संस्थांचं वजन वाढायला हवं, कारण रेघ आपल्यावरून जाताना आपण फक्त बघे असणं परवडणारं नाही. कृष्णेच्या पाण्यावरून, अलमट्टीच्या उंचीवरून दोन राज्यं किती वर्षं भांडताहेत ते आपण बघतोच आहोत. तिथे तर पाणी कुठून येतं आणि कुठे जातं हे सगळ्यांना ठाऊक आहे.

दगड लहान असेल आणि उशिरा सापडला असेल तर ढकलायच्या भानगडीत कुणी पडणार नाही. माणसं हलवायची. ७ ऑक्टोबर २००८ ला सुदानच्या वाळवंटावर सुमारे चार मीटरचा एक दगड फुटला, आणि तो आदल्याच दिवशी सापडलेला होता. आदळण्याआधी सापडलेला हा पहिला. त्यानंतर असे आणखी काही सापडले, कधी काही तास आधी. बंधाऱ्याचा आकडा बघून चिखली रिकामी करायचं जे शास्त्र आपल्याला २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनी शिकवलं, तेच इथे लागतं: नेमका भाग, नेमकी वेळ, वाहनं, जनावरांची सोय, आणि 'आमच्याकडं काय होत नाही' म्हणणाऱ्याला घराबाहेर काढणं.

राहिला अपोफिस. २००४ च्या डिसेंबरात त्याची २०२९ ची शक्यता २.७ टक्क्यांवर गेली होती. मग त्याच वर्षीच्या मार्चमधले जुने फोटो सापडले, ज्यांत तो आधीच टिपला गेला होता पण कुणाच्या लक्षात आला नव्हता. पट्टी एकदम आखडली, धोका गेला. २०२१ मधल्या रडार निरीक्षणांनंतर पुढच्या शंभर वर्षांचीही खात्री झाली. तरी तो जवळून जाणार आहे हे खरं. सुमारे ३५० मीटरचा हा दगड पृथ्वीच्या पृष्ठभागापासून ३२,००० किलोमीटरवरून जाईल, म्हणजे टीव्हीचे उपग्रह असतात त्याच्याही आतून. तारीख जगाच्या घड्याळानं १३ एप्रिल २०२९, आपल्याकडे १४ एप्रिलच्या पहाटे सव्वातीन. आंबेडकर जयंतीची ती रात्र, कोल्हापुरातला बिंदू चौक तसाही जागा असतो. सर्वात जवळच्या क्षणी तो अटलांटिकच्या बाजूला असेल, त्यामुळे नुसत्या डोळ्यांनी बघायची मोठी संधी युरोप आणि आफ्रिकेला.

१३ एप्रिलला शुक्रवार आहे, त्यामुळे इंग्रजी अपशकुनाच्या गोष्टी इकडेही येणार. २ एप्रिल २०२२ ला, पाडव्याच्या संध्याकाळी, महाराष्ट्राच्या आकाशातून जळत गेलेल्या चिनी रॉकेटच्या तुकड्यांना आपण रात्रभर उल्का म्हणत होतो, मग चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाहीजवळ धातूचं कडं सापडलं. तेव्हा २०२९ च्या मार्चमध्ये ग्रुपवर काही आलं, तर पुढे ढकलायच्या आधी सेन्ट्रीच्या यादीत त्या दगडाचं नाव शोधा आणि टोरिनोचा रकाना बघा. अपोफिसचं नाव त्या यादीतून २०२१ मध्येच काढलेलं आहे.